डेमोत ऐकलेला आवाज सिंथचा किती, पेडलचा किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे: विचारणारे लॅपटॉपवर ट्रॅक करतात, सॉफ्टवेअर सिंथ (इलेक्ट्रॉनिक पद्धतीने आवाज घडवणारा सिंथेसायझर) वापरतात आणि आता पहिला हार्डवेअर सिंथ घ्यायच्या विचारात आहेत. एका नव्या सिंथचा डेमो पाहून ते भारावून गेले, पण प्रत्यक्ष वाजवून पाहिल्यावर आवाज कोरडा आणि पातळ वाटला. असं का झालं? गिटारची जुनी पेडल्स (आवाजावर इफेक्ट चढवणारे छोटे डबे) घरात पडून आहेत, ती सिंथला चालतील का? आणि सारखं काहीतरी नवं येत असताना घ्यावं तरी काय?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की बाकीच्या दोघांचं बरंचसं आपोआप मिळतं, म्हणून तिथूनच सुरू करतो. डेमोमध्ये तुम्ही जे ऐकलंत त्यातला मोठा वाटा बहुधा रिव्हर्ब (खोलीत घुमल्यासारखा आवाज) आणि डिले (पडसाद) यांचा होता. तो कधी सिंथच्या आतला असतो, कधी शेजारी ठेवलेल्या पेडलचा, तर कधी व्हिडिओ मिक्स करताना चढवलेला. तुम्ही वाजवलात तो निव्वळ ऑसिलेटर (मूळ स्वर निर्माण करणारा भाग), फिल्टर (त्यातल्या फ्रिक्वेन्सी गाळणारा) आणि एन्व्हलप (आवाज कसा चढतो-उतरतो ते ठरवणारा) यांचा आवाज. या दोन गोष्टी कानाने वेगळ्या काढता येणं, हे सिंथ निवडतानाचं सगळ्यात उपयोगी कौशल्य आहे असं माझं ठाम मत आहे.

आणि हे काही आजचं नाही. रोलंडचा जूनो-६० आला १९८२ मध्ये, जूनो-१०६ आला १९८४ मध्ये. दोन्हींत सहा व्हॉइस, म्हणजे एका वेळी सहा सूर, आणि प्रत्येक व्हॉइसला ऑसिलेटर एकच. १९७८ च्या प्रॉफेट-५ मध्ये मात्र प्रत्येक व्हॉइसला दोन होते. एकटा ऑसिलेटर सपाट लागतो, कारण त्याच्याशी किंचित बेसूर होऊन हालचाल निर्माण करणारा दुसरा कोणी नसतो. रोलंडने यावर शेवटच्या टप्प्यावर उपाय केला: सगळे व्हॉइस एकत्र करून ते स्टिरिओ कोरसमधून (एकाच आवाजाची किंचित हलती प्रत मिसळणारा इफेक्ट) बाहेर काढले. जूनोच्या ज्या आवाजावर लोक आजही जीव टाकतात, त्यातलं निम्मं श्रेय मी त्या कोरसच्या बटणाला देईन. बटण बंद केलं की साधा, नेटका, पण अंगाने बारीक आवाज उरतो.

त्याआधी १९७४ मध्ये आलेलं सोलिना स्ट्रिंग एन्सेम्बल तर याहून बोलकं उदाहरण आहे. त्याचा मूळ स्वर ऐकाल तर तो स्वस्त ऑर्गनसारखा लागतो. तोच स्वर तीन समांतर डिले लाइनमधून जातो, प्रत्येक लाइनची वेळ वेगवेगळ्या टप्प्यावर हलत राहते, आणि बाहेर येतो तो रुंद, तरंगणारा व्हायोलिनचा ताफा. म्हणजे वाद्याची ओळखच इफेक्टने घडवली आहे.

या सगळ्यामागे एकच भाग आहे: बीबीडी, म्हणजे बकेट ब्रिगेड डिव्हाइस, ही चिप. फिलिप्स कंपनीतल्या सँग्स्टर आणि टीअर यांनी १९६९ मध्ये ही कल्पना मांडली. आत शेकडो किंवा हजारो छोटे कपॅसिटर एका ओळीत असतात. विहिरीपासून आगीपर्यंत रांगेत उभे राहून माणसं बादल्या पुढे सरकवतात, तसा प्रत्येक कपॅसिटर आपला विद्युतभार क्लॉकच्या ठोक्यावर पुढच्याला देतो. १०२४ टप्प्यांची चिप ५० किलोहर्ट्झ क्लॉकवर चालवली तर आवाज सुमारे १० मिलिसेकंद उशिरा बाहेर पडतो. ही वेळ हळूहळू मागेपुढे केली आणि मूळ आवाजात मिसळली की कोरस होतो. लांब डिले हवा असेल तर क्लॉक मंद करावा लागतो. क्लॉक मंद झाला की वरच्या फ्रिक्वेन्सी आधीच गाळून टाकाव्या लागतात, नाहीतर क्लॉकचीच शिट्टी आणि भलतेच स्वर ऐकू येतात. अ‍ॅनालॉग डिलेचे पडसाद गडद आणि मऊ का लागतात त्याचं कारण हे. बॉसचं पहिलं पेडल, १९७६ चं सीई-१, याच तंत्रावरचं कोरस होतं. सिंथ आणि पेडल ही दोन वेगळी दुनिया असल्यासारखं आपण बोलतो, पण आतल्या सर्किटचं नातं फार जवळचं आहे.

आता सिंथ तपासायचा कसा ते सांगतो. दुकानात असो किंवा ओळखीच्या कुणाकडे, फॅक्टरी प्रीसेट ऐकत बसू नका. प्रीसेट बनवणाऱ्याचं कामच तुम्हाला भुरळ घालायचं असतं. इनिशियलाइज केलेला, म्हणजे कोरा पॅच (आवाजाच्या सेटिंग्जचा संच) उघडा, सगळे इफेक्ट बंद करा, एकच सॉ वेव्ह (करवतीच्या दात्यांसारखी लाट) ठेवा, फिल्टर पूर्ण उघडा. एक सूर धरून ठेवा आणि कटऑफचा (फिल्टर कुठून गाळतो त्याचा) नॉब अगदी सावकाश फिरवत खाली आणा. आवाज सलग मिटत जातो की पायऱ्या उतरल्यासारखा तुटक होतो, ते ऐका. नॉबची किंमत मिडीच्या (वाद्यं आणि संगणक यांच्या संवादाच्या मानकाच्या) ० ते १२७ अशा १२८ पायऱ्यांत मोजली जात असेल आणि यंत्र त्या पायऱ्यांमधला उतार गुळगुळीत करत नसेल, तर हा तुटकपणा ऐकू येतो. मग रेझोनन्स, म्हणजे कटऑफजवळच्या फ्रिक्वेन्सींना मिळणारा उठाव, चढवा. मूगच्या लॅडर प्रकारच्या फिल्टरमध्ये रेझोनन्स वाढला की खालचा बेस ओसरतो. तो दोष नाही, स्वभाव आहे. पण तुम्हाला बेससाठीच सिंथ हवा असेल तर हा स्वभाव आधी माहीत असलेला बरा.

पुढे एन्व्हलपचा अटॅक (चढायचा वेळ) शून्यावर, डीके (उतरायचा वेळ) अगदी लहान, सस्टेन (कळ दाबलेली असताना टिकणारी पातळी) शून्य. आता फिल्टर एन्व्हलपची मात्रा वाढवा आणि सूर टोचून वाजवा. चांगला एन्व्हलप इथे ‘टक्’ असा नेमका लागतो. ढिला एन्व्हलप असेल तर सुरुवातीलाच धार बोथट होते, आणि हे नंतर कोणतंही पेडल दुरुस्त करू शकत नाही. डिजिटल ऑसिलेटर असेल तर सर्वांत वरच्या सप्तकात जा आणि पिच बेंड हळू फिरवा. सूर वर जात असताना मागे काही स्वर उलटे खाली येताना ऐकू आले तर ते एलियासिंग. काहींना ते खरखरीत म्हणून आवडतंही, पण आवडतं की नाही हे तुम्ही ठरवा. शेवटी रिलीज (कळ सोडल्यावर आवाज विरायचा वेळ) लांब ठेवून एकामागून एक कॉर्ड बदला. चार व्हॉइसच्या सिंथवर आधीच्या कॉर्डची शेपटी कशी कापली जाते ते लगेच कळेल.

एवढं करूनही आवाज पातळच वाटत असेल तर दुसरा ऑसिलेटर उघडा आणि त्याला पहिल्यापेक्षा ५ सेंट (एक सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) वर न्या. मधल्या ‘ए’ला, म्हणजे ४४० हर्ट्झला, दुसरा ऑसिलेटर साधारण ४४१.३ वर जातो आणि सेकंदाला सव्वा ठोका या गतीने आवाज हलू लागतो. हीच ती ‘जाडी’. पण हाच ५ सेंटचा फरक ५५ हर्ट्झच्या बेस सुरावर सहा सेकंदांहून लांब ठोका देतो. त्या ठोक्यात काही काळ दोन्ही लाटांचा मूळ स्वर एकमेकांना खोडतो आणि बेस चक्क गायब होतो. मिक्समध्ये ‘बेस कधी आहे, कधी नाही’ अशी तक्रार मी वारंवार ऐकतो, आणि बहुतेकदा कारण इथेच सापडतं. बेससाठी एकच ऑसिलेटर आणि त्याच्या एक सप्तक खाली स्क्वेअर वेव्हचा सब ऑसिलेटर ठेवा. डीट्यून, म्हणजे ही मुद्दामची बेसुरी, पॅडसाठी (लांब, पसरलेल्या कॉर्डसाठी) राखून ठेवा.

आता कोणता घ्यावा. तुमच्याकडे लॅपटॉप आहे, म्हणजे शेकडो व्हॉइस आणि अगणित ऑसिलेटर आधीच आहेत. हार्डवेअरने तुम्हाला तेच पुन्हा द्यायचं काही कारण नाही. लॅपटॉप देत नाही ती गोष्ट म्हणजे फिल्टर, एन्व्हलप आणि एलएफओ (आवाजाला संथ हेलकावे देणारा ऑसिलेटर) यांचे स्वतंत्र नॉब, जे न बघता हाताला सापडतात. पहिला सिंथ म्हणून मी हाच एक निकष सगळ्यांच्या वर ठेवीन. कटऑफचे, फिल्टर एन्व्हलपचे, डीट्यूनचे नॉब मेनूत न शिरता हाताखाली येतात का, एवढं पाहा. कोर्गचा मिनिलॉग २०१६ मध्ये आला, त्याचा एक्सडी अवतार २०१९ मध्ये. चार अ‍ॅनालॉग व्हॉइस आणि समोर भरपूर नॉब, म्हणून शिकण्यासाठी ही जोडी मला आजही आवडते. आर्टुरियाचा मायक्रोफ्रीक (२०१९) वेगळ्या वाटेचा आहे: ऑसिलेटर डिजिटल, फिल्टर अ‍ॅनालॉग, पण तो पॅराफोनिक आहे. म्हणजे चार सूर एकदम वाजतात, मात्र फिल्टर सगळ्यांना मिळून एकच. पॅड वाजवताना हा फरक चटकन जाणवतो. आधीचा कॉर्ड विरत असताना नवा सूर लावलात तर फिल्टर सगळ्यांसाठीच पुन्हा उघडतो. लीड किंवा बेसच हवा असेल तर मोनो सिंथ पुरतो, आणि ग्लाइड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर मींड घेत जाणं, मोनोवरच खऱ्या अर्थाने खुलतं.

नव्या यंत्रांच्या लोंढ्याबद्दल म्हणाल तर आवाज घडवायच्या मूळ पद्धती मोजक्याच आहेत. १९७० च्या मिनिमूगची सबट्रॅक्टिव्ह पद्धत (भरगच्च स्वर फिल्टरने गाळणं), १९८३ च्या डीएक्स७ ने घराघरांत नेलेली एफएम (एका ऑसिलेटरने दुसऱ्याची फ्रिक्वेन्सी हलवणं), वेव्हटेबल (साठवलेल्या लाटांमधून सरकत जाणं), सॅम्पल (रेकॉर्ड केलेला आवाज) आणि ग्रॅन्युलर (त्या आवाजाचे बारीक कण करून वाजवणं). नवं यंत्र जाहीर झालं की आधी ते यातलं काय करतं एवढं पाहा, बरीचशी धूळ खाली बसते. खरोखर बदललंय ते फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर. मायक्रोफ्रीकला बाजारात आल्यानंतरच्या अपडेटमधून सॅम्पल आणि ग्रॅन्युलर ऑसिलेटर मिळाले. म्हणून अगदी कालच आलेल्या यंत्रापेक्षा वर्ष-दोन वर्षं बाजारात मुरलेलं, ज्याचे सुरुवातीचे बग निघून गेलेत असं यंत्र मी आधी सुचवतो.

आता पेडल्सकडे. चालतील का? चालतील, पण लेव्हल सांभाळली तरच. गिटारच्या पिकअपमधून येणारा सिग्नल दुबळा असतो. सिंथ लाइन लेव्हलवर बोलतो: घरगुती उपकरणांचं प्रमाण उणे १० डीबीव्ही, म्हणजे सुमारे ०.३२ व्होल्ट, आणि व्यावसायिक उपकरणांचं अधिक ४ डीबीयू, म्हणजे सुमारे १.२३ व्होल्ट. युरोरॅक मॉड्यूलर (सुटे भाग जोडून बनवायचा सिंथ) तर याहून बराच वर, शिखरापासून शिखरापर्यंत साधारण १० व्होल्ट. ९ व्होल्टवर चालणाऱ्या साध्या पेडलच्या आत एवढ्या सिग्नलला जागाच नसते. ओव्हरड्राइव्ह पेडलला ते चालून जातं, त्याचं कामच सिग्नलची शिखरं कापणं आहे. पण डिजिटल डिलेचा कन्व्हर्टर कापू लागला की जी किरकिर येते ती कुणालाच नको असते.

म्हणून जोडताना असं करा. सिंथवर तुमचा सगळ्यात दणदणीत पॅच लावा, रेझोनन्स वर, सगळे व्हॉइस वाजतील असा कॉर्ड. सिंथचा व्हॉल्यूम शून्यावर ठेवून सुरुवात करा, पेडल चालू ठेवा, आणि व्हॉल्यूम हळूहळू चढवा. पडसाद खरवडल्यासारखे लागले की तिथून थोडं मागे या. ती तुमची वरची मर्यादा. फार खालीही ठेवू नका, नाहीतर पेडलचा स्वतःचा सूं-सूं आवाज पुढे येतो. पेडल चालू-बंद करून आवाजाची उंची साधारण सारखी राहते का, हे तपासून घ्या. काही पेडल्सवर ही सोय मुळातच असते. इव्हेंटाइडच्या टाइमफॅक्टरच्या मागे गिटार आणि लाइन असा सरळ स्विच आहे. नवं पेडल घेताना मॅन्युअलमध्ये लाइन लेव्हल चालते का, ही एक ओळ शोधून वाचाच.

तुमच्या जुन्या पेडल्सपैकी डिले, कोरस आणि फेझर सिंथवर उत्तम बसतात. ओव्हरड्राइव्हबद्दल एक सांगायला हवं. ट्यूब स्क्रीमर घराण्यातली पेडल्स डिस्टॉर्शनच्या टप्प्याआधी साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा भाग कमी करतात. गिटारला ते शोभतं, सिंथ बेसचा मात्र पायाच निघून जातो. अशा वेळी सिग्नल दोन वाटांनी न्या, एक सरळ आणि एक पेडलमधून, आणि मिक्सरवर दोन्ही एकत्र करा. पूर्ण कॉर्ड डिस्टॉर्शनमध्ये घातला तर सुरांच्या बेरजा-वजाबाक्या होऊन चिखल होतो. एकच सूर किंवा षड्ज-पंचमाची जोडी ठेवा. जुन्या धाटणीचे फझ मात्र बेभरवशाचे. त्यांचं सर्किट पिकअपच्या इम्पिडन्सवर (विद्युत अवरोधावर) टेकून बसवलेलं असतं. सिंथच्या कमी इम्पिडन्सला जोडलं की ते कर्कश होतात. करून पाहायला हरकत नाही, बिघडत काही नाही.

केबलकडे लोक दुर्लक्ष करतात आणि मग तासन् तास डोकं खाजवतात. छोट्या सिंथना बहुधा ३.५ मिलिमीटरचं एकच स्टिरिओ आउटपुट असतं, हेडफोनचं. त्यात साधी मोनो केबल घातली की उजवी बाजू जमिनीशी शॉर्ट होते. डावी-उजवी वेगळी काढणारी वाय केबल घ्या आणि मोनो पेडलला एकच बाजू द्या. तीच वाय केबल उलटी वापरून दोन आउटपुट एका जॅकमध्ये कोंबू नका. दोन आउटपुट एकमेकांविरुद्ध जोर लावतात. एकत्र करायचं काम मिक्सरचं. मोठ्या सिंथवर डाव्या जॅकशेजारी ‘मोनो’ लिहिलेलं असेल तर फक्त त्यात केबल लावा, आत दोन्ही बाजू मिळून येतात.

वीज: बहुतेक पेडल्सना ९ व्होल्ट डीसी, मधला टोक ऋण असा अडॅप्टर लागतो. काही छोट्या सिंथचा अडॅप्टर ९ व्होल्टचाच, पण नेमका उलटा असतो, मधला टोक धन. खोक्यावरचं पोलॅरिटीचं चिन्ह पाहिल्याशिवाय अदलाबदल नको. डिजिटल पेडल अ‍ॅनालॉग पेडलपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढतं, त्यामुळे सगळं एकाच अडॅप्टरच्या माळेवर टांगलं की गुरगुर सुरू होते. प्रत्येक आउटपुट वेगळं असलेला आयसोलेटेड पुरवठा घ्या. लॅपटॉपला यूएसबीने जोडल्यावरच चिर्र असा आवाज येत असेल तर तो ग्राउंड लूप. सिंथ त्याच्या स्वतःच्या अडॅप्टरवर चालवा, मिडीसाठी शक्य असेल तर जुनी पाच पिनची केबल वापरा. मिडीच्या १९८३ च्या मानकात रिसीव्हरच्या टोकाला ऑप्टो-आयसोलेटर आहे तो याचसाठी, त्यामुळे दोन यंत्रांची जमीन जोडली जात नाही. ३.५ मिलिमीटरच्या मिडी जॅकमध्ये टाइप ए आणि टाइप बी असे दोन प्रकार आहेत. २०१८ पासून ए हे प्रमाण ठरलं, त्याआधीची काही यंत्रं बी आहेत. केबल ठीक असून काहीच वाजत नसेल तर संशय आधी इथे घ्या.

टेम्पो जुळवण्यासाठी लॅपटॉपला मास्टर ठेवा. मिडी क्लॉक एका मात्रेला २४ ठोके पाठवतो आणि डिले पेडलला मिडी असेल तर तेही सोबत चालतं. नसेल तर ६०,००० भागिले बीपीएम करा, मात्रेची लांबी मिलिसेकंदात मिळते. १२० ला ५०० मिलिसेकंद, त्याची पाऊण पट ३७५, आणि हा पाऊण मात्रेचा डिले साध्या, अर्ध्या मात्रेच्या सुरांच्या आर्पेजिओवर (कॉर्डचे सूर एकामागून एक वाजवणं) लावून पाहा. सूर जेवढे वाजवाल त्याच्या दुप्पट गर्दीचा, तरीही स्वच्छ आवाज मिळेल.

नवं पेडल एकच घ्यायचं तर मी डिले म्हणेन, स्टिरिओ आणि लाइन लेव्हल चालणारं. रिव्हर्ब पेडल सध्या थांबू द्या. रिव्हर्ब आपण एकदा लावतो आणि हात काढून घेतो, ते काम लॅपटॉपमधलं प्लगइन छान करतं. डिलेचे नॉब मात्र वाजवायचे असतात. फीडबॅक चढवत पडसाद स्वतःच गाऊ लागतील अशा काठावर नेणं, वेळ फिरवून त्यांचा सूर वाकवणं, आणि गडबड व्हायच्या आत परत खाली आणणं, हे माउसने जमत नाही. सिंथच्या कटऑफवर एक हात आणि डिलेच्या फीडबॅकवर दुसरा, एवढ्यावर पूर्ण रचना उभी राहते.

रेकॉर्ड करताना सिंथचा ड्राय (इफेक्ट नसलेला) आवाज एका ट्रॅकवर आणि पेडलचा दुसऱ्यावर घ्या, म्हणजे डिले जास्त झाला तर नंतर कमी करता येतो. पेडल ऑडिओ इंटरफेसच्या वेगळ्या आउटपुटवरून सेंडसारखं (मूळ ट्रॅकची प्रत पाठवून) लावलं असेल तर त्याचा मिक्स नॉब पूर्ण वेटवर (फक्त इफेक्टचा आवाज) ठेवा. नाहीतर पेडलमधून परत येणारा ड्राय आवाज लेटन्सीमुळे (लॅपटॉपमधून जाता-येताना होणाऱ्या विलंबामुळे) काही मिलिसेकंद उशिरा मूळ आवाजावर येऊन बसतो, आणि एवढ्या कष्टाने जाड केलेला पॅच पुन्हा पोकळ वाटू लागतो.